बिनकाट्याचा घास

अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या मऊ कातडीवर तो ठिपका अजून होता – तांदळाच्या कणीएवढा, पांढरट, कितीही ऊन लागलं तरी न रापणारा – आणि नळाखाली हात धरून सुमती त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मागून कोमल म्हणाली, "आई, पाणी वाया जातंय." सुनेचं बरोबर होतं. तिने नळ बंद केला, हात पदराला पुसला.

बाहेरच्या खोलीतून पुन्हा मोबाइलवरचा तो आवाज आला. आधी ढोलकी, मग नीताचा आवाज, पण कुणीतरी रबरासारखा ताणलेला... "त्याला सोडू नका, सोडू नका, सोडू नका..." पुन्हा ढोलकी, आणि त्यावर नातीचं, पूर्वीचं, हसणं. एरवी ती हसली की घर भरल्यासारखं वाटायचं.

"आजी, हे नवीन ऐक. एकाने लग्नाचा बायोडेटा टाकलाय. शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, स्वतःचा फ्लॅट, पाला मासळीचे काटे काढता येतात."

"बोनलेस नवरा," कोमल कांदा चिरता चिरता म्हणाली, आणि मायलेकी दोघी हसल्या.

सुमतीही हसली. हसली नसती तर त्यांनी कारण विचारलं असतं.

नीता सुमतीची शाळेतली मैत्रीण, तिच्यासारखीच उरणच्या मोरा बंदरावरची; टीव्हीवर दुपारच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं बायकांना सल्ले देणारी, घरोघरी सगळे जिला नीताताई म्हणतात ती. गेल्या आठवड्यात तिने कॉलेजच्या मुलींना सांगितलं – पोराला पारखायचं तर कॉफी प्यायला कशाला जाता, घरी बोलवा, पाला वाढा. पाल्यात केसासारखे काटे. जो स्वतः जेवायच्या आधी तुमच्या घासातले काटे काढील, त्याला सोडू नका. आणि मग, कुणी विचारलं नसताना, कॅमेऱ्याकडे बघत... "माझ्या हातात शिंगाळ्याचा काटा घुसला होता तेव्हा एकाने असंच केलं होतं." एवढं म्हणून ती थांबली, तिचे डोळे भरले, आणि नेमका तोच क्षण पोरांनी उचलला. भरलेल्या डोळ्यांवर मांजराचे कान लावले. बाजूला माशाचा सांगाडा नाचवला.

हात नीताचा नव्हता. हात हा होता.

...मासळी निवडताना शिंगाळा उसळला आणि त्याचा काटा आत मोडला. हात कोपरापर्यंत सुजला. होड्या आल्या होत्या, सगळे बंदरावर. कमळाकर भावाचा दोस्त, होडीची इंजिनं दुरुस्त करायचा, हाताला कायम डिझेलचा वास. आईने त्याचं ताट ओटीवर वाढलं, माझं उंबऱ्याच्या आत, आणि ती पाटी घेऊन गेली. डाव्या हाताने पाल्याचे काटे कसे काढायचे? मी नुसताच भात चिवडत होते. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या ताटातली तुकडी सोलली, बोटांनी चाचपली, पुन्हा चाचपली, आणि हात उंबऱ्यावरून आत आणून माझ्या भातावर ठेवली. मग तो जेवला. आम्ही एक शब्द बोललो नाही. पुढच्या मोसमात तो वेरावळच्या बोटींवर गेला, आणि माझं लग्न पनवेलला झालं. एवढंच. त्या घासाचं मी फक्त नीताला शाळेच्या वाटेवर सांगितलं होतं, आणि तिने कुणाला न सांगायची शपथ घेतली होती.

नवरा वाईट नव्हता. पण काट्याला भ्यायचा, लहान पोरासारखा, आणि संसारभर त्याच्या ताटातले काटे तिनेच काढले – शेवटच्या आजारपणात तर मासा कुस्करून, पिठासारखा करून. काटा राहिला तर तो म्हणायचा, "आज लागला." राहिला नाही तर काहीच म्हणायचा नाही. ते न म्हणणं म्हणजेच शाबासकी, असं तिने ठरवून टाकलं होतं.

सकाळी नीताचा फोन आला होता. टीव्हीवरची ती धुतलेली भाषा कुठे गेली कोण जाणे.

"सुमे, पायलंस ना?"

"पाहिलं."

"कार्यक्रम बंद करतायत. उद्या शेवटचा. भाजीवालीबी हसते गं मला बघून."

"तू असं सांगायला नको होतंस, नीते."

"तुजंच हाय ते. मी काय नाय म्हंते का?" मग तिने नाक ओढलं. "एवढी वर्सं लोकांना सांगत आले, नवरा असा बघा, तसा बघा. त्या दिवशी एका पोरीनं इचारलं, तुमचं सांगा ना. आन् माज्याकडं काय नव्हतं गं सांगायला. शोधलं. काय नव्हतं. मग तुजं आलं तोंडात."

सुमतीला राग शोधून सापडेना. ओटीवर ठेवलेली वस्तू सकाळी जागेवर नसावी, तसं झालं.

"उद्या येऊन बस ना माज्या बाजूला. नुसता हात दाखव. मी सांगते, गोष्ट हिची हाय, मी चोरली. मग नाय हसणार कोण. खऱ्याला नाय हसत लोक."

"हसतात," सुमती म्हणाली.

"दुपारच्याला फोन करते. हो म्हण, सुमे. माजं दुसरं कोण हाय?"

हो म्हणायचं म्हणजे मुलाने टीव्हीवर बघायचं – न्हावा शेव्याच्या ऑफिसात, चार लोकांत – की आईच्या आयुष्यातला गोड घास बाबांच्या हातचा नव्हता. आणि मग ढोलकी. मांजराचे कान. नाही म्हणायचं म्हणजे नीताने एकटीने...

दुपारी जीवन आला. नातीने पसंत केलेला मुलगा, द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर, पहिल्यांदाच घरी जेवायला. कोमलने मुद्दाम उरण नाक्यावरून पाला आणला होता. पूर्वीने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

"अगं, रेकॉर्ड काय करतेस," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

"नीताताई टेस्ट आहे. ग्रुपवर सगळे थांबलेत."

"नापास झालो तर?"

"तर शेवपुरी खायची आणि घरी जायचं," कोमल म्हणाली.

तो हसला, पण तुकडी हातात घेतल्यावर हसायचा थांबला. फार मन लावून काढत होता काटे. ताटाच्या कडेला एकेक मांडत होता, मोजून घ्यायच्या मालासारखे. सुमतीने मान खाली घातली. बोटांकडे बघायचं नव्हतं... बोटं कुणाचीही सारखीच दिसतात अशा वेळी.

"मला नको, आजीला दे," पूर्वी म्हणाली. "आजी मोऱ्याची आहे. तीच परीक्षक."

आणि तो हात ताटावरून पुढे आला. "आजी, बघा हं," म्हणत त्याने घास तिच्या भातावर ठेवला. मोबाइल तिच्याकडे वळला. इतक्या वर्षांत हा दुसरा. तिने तो खाल्ला.

काटा होता. बारीक, वाकडा, जिभेच्या कडेला टोचला.

"पास का नापास?"

काढून ताटात ठेवला असता तर केवढा हशा झाला असता. संध्याकाळपर्यंत या पोराचं नाव पडलं असतं गावभर. पूर्वीचे डोळे चमकत होते, आणि त्या चमकण्याच्या तळाशी थोडी भीती होती – खेळ आहे, पण पास म्हण, आजी. सुमतीने काटा जिभेखाली दाबला.

"पास," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. आणि त्या आवाजात, कुठून कोण जाणे, तिला आठवलं की त्या दिवशीही एक राहिला होता. कमळाकरच्या घासात. दोनदा चाचपूनही राहिलेला. तिने तो भाताबरोबर गिळला होता, घसा खरवडत गेला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती ताटाकडे बघत बसली होती, त्याला कळू नये म्हणून. हे तिने नीताला सांगितलं नव्हतं. म्हणून नीताच्या गोष्टीत ते नव्हतं, आणि लोक हसत होते त्यातही नव्हतं... पण खरंच झालं होतं का तसं? की आजचाच काटा मागे मागे जाऊन त्या घासात बसला? तिने डोळे मिटून ती ओटी, तो उंबरा पुन्हा आणून पाहिला. हात आला. डिझेलचा वास आला. वर चेहरा आणायला गेली तर त्याला मांजराचे कान होते.

"आजी, तुझा फोन. नीताताई."

पूर्वीने फोन आणून तिच्या मांडीवर ठेवला. तो तिथे थरथरत राहिला. तिचा हात त्याच्या शेजारीच पडला होता, ठिपका खाली दाबून. तिकडे नीता कानाला फोन लावून बसली असेल, टीव्ही बंद करून, पडदे ओढून. सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि तिच्या जिभेखाली तो काटा होता. हो म्हणायचं तरी आणि नाही म्हणायचं तरी, आधी तो काढून सगळ्यांसमोर ताटात ठेवावा लागणार होता.