फक्कीची रेघ

कळंबोलीकडून येणारा रस्ता आमच्या गावातून जातो. घरापासून बसथांबा पाचशे पावलं, आणि फूटपाथ एक पाऊलभरही नाही. माझी बायको गुणाबाई रोज सकाळी पाटी घेऊन त्याच रस्त्यानं पनवेलच्या बाजारात मासळी विकायला जाते. मागल्या वर्षी एका टेम्पोनं तिला उडवलं. पाय वाचला, लंगडणं राहिलं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस मी, पण त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

म्हणून अंकिता महापालिकेला उभी राहिली तेव्हा मी घरचं सगळं सोडून तिच्या प्रचाराला लागलो. गावचीच पोर, रस्त्यांची आखणी शिकलेली. बाकीचे उमेदवार देवळाला सभामंडप देत होते. ही म्हणे फूटपाथ, थांब्याला शेड, रस्ता ओलांडायला सिग्नल. लोक तिचा नकाशा उलटा धरून माना डोलवायचे. शेवटी मीच शहाणपणा केला. मैदान आखतात ती पांढरी फक्की आणली आणि फूटपाथ किती रुंद होईल, त्याची रेघ थेट थांब्यापर्यंत मारली. रेघ अगदी सरळ आली, याचा मला कोण अभिमान!

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. नव्या शहरासाठी सरकारनं शेतं घेतली तेव्हा मोजणीवाल्यांनी अशीच फक्की मारली होती. पुढं परवानगीविना वाढवलेली घरं पाडली, त्याआधीही मारली होती. आणि माझी रेघ प्रत्येकाच्या ओट्यावरून गेली होती. हे मला कळायला नको? माझ्या बापानं शेतातली ती रेघ पायानं पुसली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

"महादेवकाका, तुमी पन त्यांना मिळालाव काय?" किराणावाला हरेश सगळ्यांसमोर म्हणाला.

अंकिता घरोघर फिरली. ओटे तुटणार नाहीत, असं एकदा खोटं बोलली असती तर निभावलं असतं. "थोडे मागे घ्यावे लागतील," एवढंच ती सांगत राहिली.

आमच्या केंद्रावर तिला अडतीस मतं पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही माझा राग उतरला नव्हता. "अडतीस! त्यातली दोन तर आपलीच," मी ओरडलो. "माणूस मेल्याशिवाय या गावाला अक्कल यायची नाही!"

गुणाबाई पाटीत बर्फ भरत होती. "माजा मत धरू नका," ती म्हणाली. "मी नाय दिला तिला."

मला थट्टा वाटली. तिनं मान वर केली नाही.

"ह्या पायानं बाजार अजून किती दिवस जमंल? मंग ओट्यावर बसूनच म्हावरा इकायचा हाय. तो पन गेला तं मी बसू कुठं?"

हे तिनं मला आधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. जिच्यासाठी गावभर ओरडत फिरलो, तिलाच विचारायचं राहिलं. माझी मलाच लाज वाटली.

तिनं पाटी डोक्यावर घेतली. फक्कीच्या आत मोटारसायकली लागल्या होत्या. त्यांना वळसा घालून ती लंगडत रस्त्यावर उतरली, आणि मागून येणाऱ्या टेम्पोनं हॉर्न वाजवला.