राजवर्धनच्या दारातला निळा ताटवा

इस्लामपूरच्या राजवर्धनला ऊस सोडून जगात दुसरं काही उगवतं हेच मुळात मान्य नव्हतं. पण नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला फाटकापासून पायरीपर्यंत निळ्या फुलांचा ताटवा हवा, असं त्याच्या बायकोनं, समीक्षानं, मोबाइलवर बघून ठरवलं आणि मेढ्याच्या आम्रपालीला बोलावणं गेलं.

आम्रपालीची छोटी रोपवाटिका होती. तिथं तिनं बियांपासून व्हेरोनिका वाढवली होती. विताएवढे निळे तुरे येणारी, एकदा रुजली की वर्षानुवर्षं फुलणारी. तीन वर्षांत जेमतेम साठ रोपं झाली. ती सगळी तिनं इथं आणून लावली. एवढ्या राबत्याच्या घरापुढं फुलली तर रोपवाटिकेचं नाव होईल, म्हणून मागं एकही ठेवलं नाही.

"दादा, दिवसभर ऊन हाय, जागा झकास हाय," लावून झाल्यावर ती म्हणाली. "फकस्त पाणी बेतानं. माती वरनं सुकली की मगच. मुळाशी साचलं की कुजतीय ही."

राजवर्धन मिशीत हसला. "ओ बाई, एकरी शंभर टन काढतोय आमी. आमाला पाणी शिकवताय व्हय?"

शंभर टन! जेवलास का विचारलं तरी हा माणूस टनातच उत्तर देणार. पण आम्रपाली तेवढं सांगून हात धुऊन निघाली, आणि तिथंच चुकली.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी ती आली. रस्त्यावरूनच निळी पट्टी दिसली आणि तिनं भराभर पावलं उचलली. फाटकात येऊन वाकून बघितलं, तर फुलं प्लास्टिकची!

गडी हिंदुराव खाली मान घालून जवळ आला. "ताई, तुमी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मालकानी वाफा मोडून सरी पाडाय लावली. लाइट आली की पाट चालू. मी सांगून बघितलं. सगळी कुजली, तवा मालकानी ही बाजारातनं आणून खोचली."

रोपं मागं उकिरड्यावर होती. मुळं काळी, बोटानं दाबली की लगदा. तीन वर्षं या ढेकळाच्या हातात दिली म्हणून तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. ढीग उपसता उपसता चार रोपं मात्र घट्ट लागली. फाटकाजवळच्या दगडांच्या उंचवट्यावरची ती, तिथवर पाणी चढलंच नव्हतं. मघाशी फाटकातच समीक्षानं कुंकू लावून मानाचा खण दिला होता. आम्रपालीनं तो ओला केला आणि त्यात मुळं गुंडाळली.

रोपं घेऊन ती पुढं आली, तर राजवर्धन पाहुण्यांच्या घोळक्यात उभा होता. "मेढ्याची जात हाय. लय नाजूक. पर आमच्या हाताला आली बघा." पाहुणे माना डोलवत होते. एकालाही वाकून बघावंसं वाटलं नाही. तेही सगळे शंभर टनवालेच.

तेवढ्यात त्याचं लक्ष उन्हाकडं गेलं. सवयीनं तो ओरडला, "हिंदुराव, पाणी सोड रं! फुलं माना टाकतील."

हिंदुराव आम्रपालीकडं बघत जागीच थांबला. पाट प्लास्टिकच्या मुळाशी नेऊन सोडायचा, हे त्यालाही जड जात होतं.

"सोडा की हिंदुराव," आम्रपाली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दादांच्या हाताला आलेली ही जात कितीबी पाण्यात कुजत न्हाई."

राजवर्धन फुलून गेला. "बघा," तो पाहुण्यांना म्हणाला, "आता बाईच सांगत्यात."