चौदा नंबरला तहान नव्हती

वीस मे, रविवार. सकाळी दहा वाजता ओयसुलुव नोरमातोवा कार्शी शहराहून केंद्रावर परतली, तेव्हा तिच्या कोरड्या चाचणीत घोट्याएवढा चिखल होता.

आमच्या कोकबुलोकच्या गहू केंद्रात एक जमीन अशी आहे, जिला पेरणीच्या वेळी एकदा पाणी मिळतं आणि त्यानंतर कापणीपर्यंत थेंबही नाही. बारा वाण, प्रत्येक वाण तीन वेगवेगळ्या जागी पेरलेला. एकूण छत्तीस वाफे. मेमध्ये दक्षिणेकडून भाजणारा वारा सुटला की त्यात कोण टिकतो आणि कोण मान टाकतो, हे पाहण्यासाठीच ती जमीन राखलेली. ओयसुलुवचा वाण, तिच्या संकरांच्या यादीतला चौदा नंबर, तिथे तिसऱ्या वर्षी उभा होता. डोंगरातल्या एका उंच, उशिरा पिकणाऱ्या गावठी गव्हाशी नेहमीच्या वाणाचा संकर करून अकरा वर्षांपूर्वी तिने तो काढला होता. सलग तीन वर्षांच्या नोंदी पूर्ण झाल्या, तर तो राज्याच्या चाचणीत जाणार होता. एक वर्ष बाद झालं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि तिच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं. तिच्या जागी येणाऱ्या माणसाला मक्यात रस होता.

बांधावर खोलबोता बोबो फावड्याचा चिखल गवताने पुसत बसले होते. पाटाचं पाणी वाटण्याचं काम त्यांच्याकडे याच हिवाळ्यात आलं होतं. वय चौऱ्याहत्तर.

"बोबो, हे काय केलंत?" ओयसुलुवने विचारलं.

"पाणी पाजलं. तीन दिवस बघतोय, पोरी. एवढे शिकलेले लोक तुम्ही, आणि डोळ्यांदेखत गहू वाळतोय. आज पहाटे सगळे बाप्ये लग्नाचा पुलाव हाणायला गेले. म्हटलं, निदान एकाने तरी माणसासारखं वागावं."

"आम्ही मुद्दाम वाळवत होतो!"

बोबोंनी फावडं खाली ठेवलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"गव्हाला? तहानेनं?" त्यांनी हातातलं गवत फेकून दिलं. "माझी आई आज असती ना, तर तुझ्या हातची नान तिने खाल्ली नसती."

तेवढ्यात त्यांची बायको, सनम खाला, पाटावरून तरातरा येताना दिसली. पाणी कुणाच्या वाट्याचं होतं, ते तिच्या आवाजावरूनच कळलं. "बारा दिवसांनी आपली पाळी आली होती! बारा दिवसांनी! माझे खरबुजाचे वेल तिकडे जीभ काढून पडलेत, आणि हे धर्मात्मे सरकारच्या गव्हाला पाजताहेत! ओयसुलुव ओपा, तुम्ही तरी सांगा यांना काहीतरी."

"सांगतेय, खाला. तेच सांगतेय."

"रागवा चांगलं. माझं ऐकून ऐकून यांचे कान निबर झालेत."

पण ओयसुलुवचं लक्ष उडालं होतं. चिखलाच्या मधोमध एक वाफा कोरडा होता, आणि त्याचा बांध शाबूत होता. ती पुढे गेली. आणखी एक. मोजले तर एकूण पाच निघाले.

"पाणी कमी पडलं का, बोबो?"

"कमी कसं पडेल? उरलेलं खालच्या चरात सोडलंय. त्या पाचांना दिलं नाही, एवढंच. ते दोन बघ, केव्हाच पांढरे पडलेत. मेलेल्याच्या तोंडात पाणी घालून काय उपयोग? आणि या तिघांना नको होतं."

"कोण म्हणालं?"

"पानं म्हणाली. दुपारी सगळीच पानं मिटतात, त्यात काय! उगवतीला बघायचं. रात्रभर गारवा मिळूनही ज्याची पानं सुरळीच राहतात, तो खरा तहानलेला. या तिघांची पानं सपाट होती, हाताला गार. त्यांना पाजणं म्हणजे जेवून उठलेल्याला ताटावर बसवणं."

वाफ्यांवर फक्त लाकडी खुंट्या होत्या. कुठल्या खुंटीजवळ कुठला वाण, ते केंद्राच्या कपाटातल्या नकाशावरच लिहिलेलं. ओयसुलुव धावत जाऊन नकाशा घेऊन आली. कोरडे राहिलेले तिन्ही वाफे चौदा नंबरचे होते.

एव्हाना केंद्राचा तंत्रज्ञ एशमुरोद लग्नाहून परतला होता. पन्नाशीचा गडी, आणि मिशीला अजून मेंढीची चरबी. सगळं ऐकून त्याने घाम पुसला.

"ओपा, ऐका. चौदालाही पाणी देऊ. सगळे सारखे. राज्याच्या समितीला सांगू, पाऊस पडला."

"मे महिन्यात? आपल्याकडे?"

"ढग वाट चुकला म्हणू."

"आणि शेजारच्या गावात का नाही पडला?"

"तिकडचे लोक पापी आहेत म्हणू."

ओयसुलुवला हसू आलं, पण तिने नोंदवही उघडली आणि लिहिलं: वीस मे, सकाळी साडेपाच ते आठ, एकतीस वाफ्यांना पाणी दिले गेले, देणारे पाटकरी खोलबोता, गैरसमजातून. खाली कोरड्या राहिलेल्या वाफ्यांचे क्रमांक आणि सही. मग तिने शेजारची ओळ बोबोंच्या सहीसाठी कोरी सोडली. बोबोंनीही सही केली. "पाणी दिल्याबद्दल सही करायची वेळ पहिल्यांदाच आली," ते म्हणाले.

सव्वीस तारखेला समिती आली. प्रमुख मुख्तार रऊफोविच, बारीक अंगाचे, नियमाला पक्के. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"लपवलं असतं, तर मला कळलं नसतं. या उन्हात चिखल चार दिवसांत सुकतो."

"हो," ओयसुलुव म्हणाली.

"तरीही ही चाचणी बाद. नाइलाज आहे."

"चौदाचे तीन वाफे कोरडेच आहेत."

"आणि त्यांचे प्रतिस्पर्धी प्यायलेत. तुलना कुणाशी करायची?"

ओयसुलुवने जमिनीच्या कडेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "भिंतीपलीकडे हेच बारा वाण आहेत. महिनाभर उशिरा पेरलेत, मुद्दाम, दाणा भरताना ऐन वारा लागावा म्हणून. तेही तीन-तीन जागी, तेही बिनपाण्याचे. आमच्या माहितीसाठी ठेवतो आम्ही. पण नियमात फक्त 'कोरडी चाचणी' लिहिलंय, पेरणीची तारीख नाही."

रऊफोविचनी नियमावली काढली, बोट फिरवत वाचली, बंद केली. "नाही लिहिलेली," त्यांनी कबूल केलं. "पण तिथेही तुमचे पाटकरी पोचले नाहीत, हे कशावरून?"

"भिंतीला दार एकच, आणि कुलूप यांचं," बोबो मागून म्हणाले. "नाहीतर पोचलोच असतो."

रऊफोविचनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच का ते? ज्यांना पाणी नको ते वाफे उगवतीला ओळखता म्हणे. उद्या मला दाखवाल? नकाशा माझ्याकडे राहील."

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराआडून वर यायच्या आत सगळे भिंतीपलीकडे जमले. या तुकड्यात वाणांचा क्रम वेगळा होता. ओयसुलुवला बाहेर उभं केलं होतं. चेहऱ्यावरून बोबोंना कळायला नको, असं रऊफोविचचं म्हणणं.

"मेलेले धरू का?" बोबोंनी विचारलं.

"नको. तहान नसलेलेच."

बोबो वाकून चालू लागले. प्रत्येक वाफ्यातलं एखादं पान ते दोन बोटांत धरत, सोडत, पुढे जात. चार ठिकाणी फावड्याचा दांडा टेकवला. रऊफोविच नकाशावर खुणा करत होते.

"तीन चौदाचे," ते शेवटी म्हणाले. भिंतीपलीकडून ओयसुलुवचा सुस्कारा ऐकू आला. "पण चौथा चुकला, बोबो. तो गहू नाही. कडेला लावलेला सातू आहे."

"मग? तुम्ही तहान विचारलीत. जात कुठे विचारली होती?"

समितीतले दोघे हसले. रऊफोविच हसले नाहीत, पण नकाशावरची खूण त्यांनी खोडलीही नाही. "याने पानं कळली, दाणे कळले नाहीत," ते ओयसुलुवला म्हणाले. "ही उशिराची चाचणी मी तिसरं वर्ष म्हणून धरतो. अट नेहमीचीच. नेहमीच्या वाणापेक्षा दहा टक्के जास्त दाणे. एक ग्रॅम कमी पडला तरी बाद. आणि लक्षात ठेवा, उशिरा पेरलेल्या गव्हाला वारा जास्त लागतो. सोपं मागितलेलं नाही तुम्ही."

"ठाऊक आहे."

पुढचे सतरा दिवस वारा असा होता, की दुपारी तारेवरचे कपडे पापडासारखे मोडत. एक्केचाळीस, बेचाळीस, एकदा चव्वेचाळीस अंश. ओयसुलुव रोज उगवतीला भिंतीपलीकडे जायची, पानं दोन बोटांत धरायची. तिथे तिला बहुतेक वेळा बोबो आधीच भेटत. हातात फावडं नसे, तेवढं त्यांनी कबूल केलं होतं.

"आजही गार आहे," ते म्हणत.

"कालच्यापेक्षा कमी."

"तूही कालच्यापेक्षा वाळलीयेस. चहा पी."

तेरा जूनला कापणी झाली. मळून, पाखडून, प्रत्येक वाफ्याचे दाणे वेगळ्या पिशवीत. रऊफोविच स्वतः काट्याशी बसले. नेहमीच्या वाणाचे तीन वाफे मिळून चार किलो पाचशे साठ ग्रॅम. म्हणजे चौदाला पाच किलो सोळा ग्रॅम हवे होते.

पहिली पिशवी एक किलो सातशे दहा. दुसरी एक किलो सहाशे वीस.

"पुढचीत एक सहाशे शहाऐंशी हवेत," एशमुरोद म्हणाला. बाकीच्यांनीही तोच हिशेब मनात केला होता. सनम खालासुद्धा बोटांवर मोजत होती.

तिसरी पिशवी काट्यावर गेली. आकडे पळाले आणि थांबले. दोन किलो सहाशे.

"या अल्ला!" एशमुरोदने आरोळी ठोकली.

"एशमुरोद अका," रऊफोविच शांतपणे म्हणाले, "काट्यावरचा हात काढा."

एशमुरोदने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आकडे पुन्हा पळाले आणि एक किलो आठशे चाळीसवर थांबले.

"पुन्हा करा," ओयसुलुव म्हणाली.

"कशाला? पुरेसं आहे. दीडशे ग्रॅमहून जास्तच वर आहे," रऊफोविच म्हणाले.

"तरी पुन्हा करा. सगळ्यांनी चार पावलं मागे व्हा."

सगळे चार पावलं मागे सरले, बोबोसुद्धा. पिशवी उचलली, काटा शून्यावर आला, पिशवी परत ठेवली. एक किलो आठशे चाळीस. रऊफोविचनी आकडा लिहिला, खाली रेघ मारली, आणि सहीसाठी पेन ओयसुलुवपुढे धरलं.