दुपारची उसंत

"दोर सोड, वहिनी."

"नाही सोडत."

कोंबड्यांच्या खाद्याची भांडी कप्पीवरून छताकडे ओढायची होती आणि वहिनीने दोर असा धरला होता, की माझी काय टाप तो हलवायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाई शेडच्या दारात उभ्या राहून हसू दाबत होत्या.

"एवढीएवढीशी पिल्लं ही," वहिनी त्यांना म्हणाली. "माझ्या दारात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही."

"उपाशी नाही ठेवायची हो. दुपारचे काही तासच. पाणी राहू दे. वाढ जरा सावकाश होईल, पोटाला उसंत मिळेल. आता वजन मागे पडेल, पुढे बहुतेक भरून काढतील."

"बहुतेक?"

"बहुतेक. हमी मी कशाचीच देत नाही."

हमी न देणारी माणसं मला आवडतात.

वहिनीचा हात पहिल्यापासून सढळ. आई गेली तेव्हा मला धड नाक पुसता येत नव्हतं. दादाशी लग्न करून आलेल्या या मुलीने मला वाढवलं. दादा गेल्यावर शेडही तिनेच सावरली. पण मागची खेप आमच्या अंगाशी आली होती. कोंबड्या भराभर वाढल्या आणि पायांना वजन पेलेना. खाली अंथरलेला भाताचा तूस सतत ओला. पोटात पाणी होऊन रोज काही मरायच्या. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने स्पष्टच सांगितलं, अजून एक खेप अशी गेली, की आमच्याकडे पिल्लं बंद. मग शेडमध्ये काय, आम्ही दोघांनी राहायचं?

शेवटी वहिनीने दोर सोडला. भांडी वर गेली आणि पिल्लांनी शेड डोक्यावर घेतली.

"खाली सोडाल तेव्हा सगळ्या रांगा भरून एकदम सोडा," जाताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

मी पाण्याची टाकी बघायला गेलो. तेवढ्या वेळात वहिनीला ते ओरडणं सहन झालं नाही. तिने एकच रांग खाली घेतली, थोडंसं तरी खातील म्हणून. अख्खी शेड त्या एका रांगेवर तुटून पडली. मी धावत आलो तेव्हा ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढीग उपसत होती. तळाची पिल्लं गुदमरून गेली होती.

"माझ्या मायेनं मारलं यांना," ती म्हणाली. रात्री जेवली नाही.

मला वाटलं, संपलं आता. भांडी काही पुन्हा वर जायची नाहीत. दुसऱ्या दुपारी माझ्याआधी तिनेच दोर ओढला, गाठ मारली आणि शेडच्या मागे जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. आत कलकलाट चालू होता.

"घरी जाऊन पड ना," मी म्हटलं. "इथे बसून कशाला जीव जाळतेस?"

"घरून ऐकू येत नाही."

रोज तशीच बसायची ती. वेळ झाली, की दोन्हीकडचे दोर आम्ही एकदम सोडायचो. हळूहळू पायाखालचा तूस कोरडा लागू लागला. पिल्लं सुरुवातीला किडकिडीत दिसली, मग भरत गेली. ट्रक आला त्या दिवशी कंपनीच्या माणसाने वजन केलं. मागच्या खेपेपेक्षा जरा हलकीच, पण मेलेली फार थोडी आणि लंगडणारी जवळजवळ नाहीतच. "पुढची पिल्लं पाठवतो," तो म्हणाला. वहिनीने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "जेवायला या," एवढंच म्हणाली.

मग रिकाम्या शेडमधला जुना तूस आम्ही पोत्यांत भरायला घेतला.

"भिंतीआड बसून राहणं कसं काय जमलं गं तुला?" मी विचारलं.

"सवय होती."

"कसली?"

"तुला वसतिगृहात सोडलं होतं ना."

"तेव्हा तर तू वळूनही पाहिलं नाहीस. मी फाटकाला धरून रडत होतो."

"वळले असते तर घेऊनच आले असते घरी. फाटकालगतच्या भिंतीआड बसून होते. तुझं रडू थांबलं, मग उठले."

इतकी वर्षं मी सगळ्यांना हसत सांगत आलो होतो, की वहिनीने मला सोडलं आणि सुटली बिचारी.

"वहिनी, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

"बरं," ती म्हणाली. "फावडं दे इकडे."

मी दिलं. माझ्याकडे पाठ करून ती ते धरून उभी राहिली, पण तूस काही तिने भरला नाही.