सुटलं म्हणायची वेळ

पौषातलं ऊन आधी माळावर उतरतं. मग रस्त्यावर, मग उसावर, मग गावात.

पातळ ऊन. हळदीच्या पाण्यासारखं, ओंजळीत धरलं तर बोटांतून गळून जाणारं. गवताच्या पात्यापात्यावर दव, दवाच्या थेंबाथेंबात इवलं-इवलं आभाळ. आणि या सगळ्यावर दूरच्या गुऱ्हाळाचा गोड-करपट, निळा-करडा धूर आडवा पसरलेला, कुणीतरी घडी घालायची विसरून गेल्यासारखा.

कागलच्या अलीकडच्या त्या माळावर आज कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीसाठी तांबडे-पांढरे अडथळे मांडलेत. बारा उड्या, एक चढता-उतरता लाकडी पूल, एक लांब निळा बोगदा. चारी बाजूंनी दोरी. दोरीबाहेर घडीच्या खुर्च्या, रंगीत छत्र्या, खाण्याचे डबे, कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची अख्खी सोसायटी. आणि पट्टे ताणून भुंकणारी, विंचरलेली, रेशीमकेसांची, उंची कुत्री.

पार कोपऱ्यात एक गोणपाट. गोणपाटावर भूषण मगदूम. त्याच्या मांडीला टेकून कांडी.

कांडी म्हणजे मागावरची कांडी, आडव्या सुताची. इचलकरंजीत भूषण यंत्रमाग दुरुस्त करतो. सात वर्षांपूर्वी सुताच्या गोदामात, दोन पोत्यांच्या फटीत, त्याला एक पिल्लू सापडलं होतं. वीतभर, गव्हाळ, दोन्ही टोकांना निमुळतं. बघणारा म्हणाला, कांडीच की ही. झालं नाव.

गावठी कुत्री. पण पळायची काय! मागात धोटा जातो-येतो तशी. आत्ता इथं, आत्ता तिथं, मधलं काही दिसायचंच नाही. नुसती एक गव्हाळ रेघ, थरथरती, हवेत राहिलेली.

भूषणनं हा खेळ मोबाईलवर बघितला आणि मोबाईलवरच शिकला. पाण्याच्या पायपांचे अडथळे केले. मांजरपाटाचा बोगदा शिंप्याकडून शिवून घेतला, शिंप्यानं दोनदा विचारलं की हे नक्की कुणाच्या मापाचं. शेजारच्या मागावरचा इरफान रोज संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बसून मजा बघायचा. "भूषण्या, कुत्रीला एवढ्या उड्या शिकवायलाईस, सोता एक मार की. लगीन कर," म्हणायचा. भूषण हसायचा. कांडी उडायची.

दोघांचे शब्दही दोघांपुरतेच. उडीला "हूं". बोगद्याला "नळी". पुलाच्या टोकाला पाय टेकायचे, तिथं "टेक". आणि सगळ्यात शेवटी, शेवटची उडी पार झाली की, "सुटलं".

मागावर काम संपलं की माणसं हाच शब्द म्हणतात. खडखड-खडखड-खडखड एकदम थांबते, कानात एक मोठं, पांढरं, कापसाळ शांतपण शिरतं आणि कुणीतरी म्हणतं, सुटलं. कांडीनंही तो तसाच घेतला. तो कानावर पडेपर्यंत ती कामावर. मध्ये मांजर जाऊ दे, पोळी पडू दे, ती बघणार नाही. तो पडला की ती साधी कुत्री. लोळण, जीभ, धूळ.

अर्ध्यावर तो शब्द त्यानं कधीच म्हटला नव्हता. म्हणायची वेळच आली नव्हती.

मग श्रावण आला. हिरवा, ओला, दमट. एका संध्याकाळी तिच्या जबड्याखाली हात फिरवताना भूषणच्या बोटांना दोन सुपाऱ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी खांद्यापुढं. मग मागच्या पायांच्या मागं, लवणीत.

मिरजेच्या डॉक्टर माणगावेबाईंनी सुई घालून पाणी काढलं, काचेवर पसरलं, बघितलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली. खुर्ची ओढली तेव्हाच त्याला कळलं.

दर आठवड्याला कॅन्सरची एक सुई. मोटरसायकलच्या टाकीवर गोधडी, गोधडीवर कांडी, कांडीवर त्याची हनुवटी. जाताना कृष्णेचा पूल, येताना कृष्णेचा पूल. गोळ्यांनी तिला भूक लागायची, आडदांड, कधी न संपणारी. तहान तर त्याहून मोठी. अंगणात सोडायला दहा वेळा दार उघडायचं, दहा वेळा लावायचं. त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. एक खोली, एक चूल, एक माणूस, आणि फरशीवर वाजणारी चार पावलं.

सहा सुयांनंतर गाठी विरघळल्या. पाण्यात मीठ विरघळावं तशा. बाईंनी बोटांनी सगळीकडं चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "गाठी गेल्यात, भूषण. आजार गेलेला नाही."

पळवू का, असं त्यानं विचारलं. त्यांनी कांडीकडं बघितलं. तिला आवडत असेल तर पळवा, म्हणाल्या, थोडं-थोडं. पण अंगावर कुठंही, तांदळाएवढी जरी गाठ लागली, तर बाकी सगळं टाकून त्याच दिवशी फोन करायचा.

गुरुवारी लागली. जबड्याखाली, डावीकडं. हरभऱ्याच्या डाळीएवढी.

आणि भूषणनं फोन केला नाही.

का, ते त्याला नीट माहीत होतं. रविवारी हा माळ होता. या माळावर येणारी, पुण्याकडची, कोल्हापूरची, मोठ्या गाड्यांतली माणसं त्याला एकाच नावानं ओळखायची. तुम्ही कांडीचे ना? एवढंच. कारखान्यात तो मिस्त्री होता. जयसिंगपूरला दिलेल्या बहिणीच्या फोनवर तो दादा होता, महिन्यातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. पण कांडीचा तो फक्त इथं होता. अजून एकदा, एकदाच, एक पूर्ण फेरी, पहिल्या उडीपासून शेवटच्या उडीपर्यंत. मग सोमवारी फोन. शुक्रवारी त्यानं असं ठरवलं. शनिवारी तिच्या जबड्याखाली हात घालायचं टाळलं.

या खेळात एक रीत आहे. कुत्र्याला आत न्यायच्या आधी माणसांनी एकट्यानं आत जायचं. सात मिनिटं. वाट पाठ करायची, पावलं मोजायची, वळणं बघायची. मग सगळी माणसं माळावर एकदमच चालू लागतात, आपापल्याच नादात. एक हात खाली सोडलेला, तळवा उघडा, शेजारी कुणीतरी आहे असा. ओठ हलताहेत. थांबतात, वळतात, रिकाम्या हवेला हळूच म्हणतात, इकडं, इकडं. इरफाननं एकदा मोबाईलवर हे बघून विचारलं होतं, ही सगळी कुणाशी बोलायलीत रे.

भूषणही चालला. एक, दोन, तीन, वळण. हात खाली, तळवा उघडा. दव त्याच्या बुटांत शिरलं. चार उड्यांनंतर बोगदा. बोगद्याच्या तोंडाशी शब्द टाकायचा आणि आपण बाहेरून पळत दुसऱ्या तोंडाशी जायचं. सात पावलं. ती बाहेर पडायच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर ती निघून जाईल. सात, घाईची.

सात पावलं बरोबर होती. मागच्या वर्षीच्या कांडीसाठी.

चहाच्या सुट्टीआधी सगळ्यात शेवटचा नंबर त्यांचाच होता. तोवर धूर विरला होता, दव उडालं होतं, आणि ऊन पांढरं, कोरडं, जागं झालं होतं. जज होते सुभेदार देवकर. फौजेत तीस वर्षं कुत्री शिकवलेला, ताठ, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी मान हलवली.

हूं.

कांडी उडाली. आणि माळावरचे सगळे आवाज मागं पडले. गव्हाळ रेघ, जराशी जाड, जराशी जुनी, पण रेघच. हूं. दुसरी. हूं. तिसरी. कान मागं, शेपटी सरळ, डोळे त्याच्या खांद्यावर. भूषणच्या छातीत माग सुरू झाला, खडखड-खडखड. दोरीबाहेर कुणीतरी म्हणालं, ही तीच का, आजारी होती ती? हूं. चौथी. कुणीतरी टाळी वाजवली.

नळी.

ती निळ्यात शिरली. तो पळाला. सात पावलं, घाईची. पोचला, वाकला, हात पुढं, तळवा उघडा.

कुणी आलं नाही.

बोगदा मध्ये वाकडा होता, या तोंडातून ते तोंड दिसत नव्हतं. दिसत होता फक्त गोल निळा काळोख. त्यानं हाक मारली. कांडे. निळा काळोख तसाच. परत मारली. आतून शेपटीचा आवाज आला. ठप. ठप. प्लास्टिकवर, मंद, जड. ती होती. ती ऐकत होती. ती येत नव्हती.

या खेळात कुत्र्याला हात लावायचा नाही. फेरी चालू असताना हात लागला, की बाद. बोलवा, टाळ्या वाजवा, नाचा, हात नाही. घड्याळ चालू होतं. सुभेदार बघत होते. माळ बघत होता. आठ उड्या राहिल्या होत्या.

भूषण गुडघ्यांवर बसला आणि आत शिरला.

आत दुसरंच जग. निळं, ऊबदार, रबराच्या वासाचं. बाहेरचं पांढरं ऊन त्या प्लास्टिकच्या कापडातून गाळून, निथळून, पाण्यासारखं खाली येत होतं. त्या पाण्याच्या तळाशी, वळणावर, कांडी पोटावर पडली होती. धाप. जीभ. बरगड्यांचा भाता. पण कान ताठ. डोळे त्याच्यावर. पुढचे दोन पाय अजून पुढंच टेकलेले, अंग उचलायला बघणारे. उचलत होती, खाली येत होती. परत उचलत होती. दुखणं त्याला दिसलं, दमणं दिसलं, आणि मग त्याहून वाईट काहीतरी दिसलं. ती कामावर होती. कुणी तिला सोडलंच नव्हतं.

दोन वर्षं, शेकडो फेऱ्या. आणि हा एक शब्द त्यानं नेहमी शेवटच्या उडीपाशी जपून ठेवला होता, जणू तो त्याच्या मालकीचा होता.

त्यानं हात पुढं केला, तिच्या कपाळावर ठेवला. बाद. मग तोच हात जबड्याखाली नेला, डावीकडं, गुरुवारपासून जिथं नेला नव्हता तिथं. डाळ आता डाळ नव्हती.

"सुटलं, कांडे," तो म्हणाला. "सुटलं."

ती क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली, चुकून ऐकलं का असं. मग एकेक करून सगळं सैल झालं. आधी कान. मग मान. मग ते दोन पाय, पुढचे, हट्टी, इमानी पाय, हळूच कडेला पडले. तिनं एक लांब श्वास सोडला. निळ्या कापडाला तो लागला असावा, कापड जरासं हललं.

बोगद्यात वळता येत नव्हतं. तो गुडघ्यांवर मागं-मागं सरकत बाहेर आला, तोंड तिच्याकडं. ती थोड्या वेळानं उठली आणि पुढं-पुढं चालत आली, तोंड त्याच्याकडं. घाई नाही. वाटेत एकदा थांबून तिनं प्लास्टिक हुंगलं. फेरीत तिनं आजवर काही हुंगलं नव्हतं.

बाहेर सुभेदारांनी दोन्ही हात छातीशी आडवे धरले होते. बाद झाल्याची खूण. हात खाली सोडून ते जवळ आले. कांडी उन्हात चार पावलं चालली, आणि तिथंच, पाचव्या उडीच्या अलीकडं, मोकळ्या माळावर तिनं अंग टाकून दिलं.

"वय?" सुभेदारांनी विचारलं.

"सात."

ते म्हणाले, आता चहाची सुट्टीच आहे, कुणाला मैदान लागत नाही, पडू द्या तिला हवं तेवढं. आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी स्वतःच्या तळव्यावर ओतून तिच्यापुढं धरलं. ती प्याली. ते ताठ पाठीचे, ताठ पावलांचे निघून गेले.

माणसं तंबूकडं गेली. कपांचे आवाज, हसण्याचे आवाज, कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं, वाऱ्यानं आणलेलं, वाऱ्यानंच परत नेलेलं. दोरीच्या आत फक्त दोघं.

भूषणनं फोन लावला.

"मॅडम, गाठ आलीया. जबड्याखाली."

कधी, असं बाईंनी विचारलं.

"गुरुवारी."

पलीकडं एखादं दार लागल्याचा आवाज आला.

"आज रविवार आहे, भूषण."

तो हो म्हणाला. तुम्हाला सांगितलं होतं ना मी, असं बाईंनी म्हटलं नाही, आणि ते न म्हटलेलं त्याच्या कानात फोन बंद झाल्यावरही राहिलं. उद्या सकाळी आठला आणा, त्या म्हणाल्या होत्या. आणि आज जे मागेल ते खायला घाला.

त्यानं खिशात फोन ठेवला आणि तिला उचलायला वाकणार होता. पण ती झोपली होती. डोळे अर्धे मिटलेले, मिशीला गवताचं कुसळ, पोट वर-खाली, वर-खाली. तिच्यावर ऊन नव्हतं. सगळीकडं होतं, पांढरं, टोचणारं, पार उसापर्यंत, पण तिच्यावर नव्हतं. त्याला जरा वेळानं कळलं, की ती त्याच्या सावलीत पडलीय. बरोबर मापानं. खांद्यापासून शेपटीपर्यंत, शिवून घेतल्यासारखी.

मग तो हललाच नाही.

बूट ओले, गुडघे बोगद्याच्या रंगानं निळे, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. सगळा जन्म पळणारा माणूस, माळाच्या मधोमध, खांबासारखा उभा. कुणीतरी तंबूतून हाक मारली, चहाला या. त्यानं मान वळवली नाही, मान वळवली तर सावली वळली असती.

ऊन सरकत होतं. ऊन बोटभर सरकलं की तोही बोटभर सरकायचा, तिला न उठवता, गवत न वाजवता. पुन्हा बोटभर. पुन्हा बोटभर.