मोक गुरुजींची निऑनची नळी

संध्याकाळचे सहा वाजले होते आणि याउ मा तेई वस्तीतल्या आमच्या गल्लीत, लाय काकांच्या काढ्याच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. काढ्यासाठी एवढी गर्दी होत असती, तर काकांनी एव्हाना चार दुकानं टाकली असती. चोवीस मुळ्यांचा तो काळा काढा इतका कडू, की प्यायल्यावर घरची भांडणंसुद्धा गोड वाटायला लागतात. त्याच्यासाठी रांग कोण लावणार? लोक आले होते ते निऑनची नळी बघायला.

दुकानाच्या मधोमध लाल कापड पांघरलेलं एक बुटकं स्टूल होतं. त्यावर लाय काकांचा उजवा पाय, पट्टी सोडलेला. समोरच्या खुर्चीत मोक गुरुजी, करडा रेशमी अंगरखा घालून, पायांखाली गालिचा अंथरून. त्यांच्या हातात हातभर लांबीची, एका टोकाला वळवलेली काचेची नळी होती. तिला ना वायर, ना प्लग. गुरुजींनी ती सगळ्यांसमोर फिरवली, एका म्हाताऱ्या आजींच्या हातातही दिली. मग काशाचा वाडगा घुमवत, डोळे मिटून, ती काकांच्या काळ्या पडलेल्या अंगठ्यावर धरली.

नळी उजळली. लाल, शेंदरी, आमच्या लहानपणी रस्ते न्हाऊन निघायचे तशा रंगाची. माणसं श्वास रोखून उभी होती. दोन बायकांनी हात जोडले.

"ही नळी कुठली, माहीत आहे का?" गुरुजींनी आवाज खाली आणला. "याच दुकानावर चाळीस वर्षं पाटी म्हणून निऑनचा भोपळा लखलखत होता. त्याच्या पोटातली ही नळी. भंगारातून सोडवून आणली मी. अरे, कारागीर नळी वाकवताना तिच्यात फुंकर घालतो. त्याचा श्वास आत राहतो. तो श्वास या घराची राखण करत होता. मग भोपळा उतरवला आणि त्याच्या जागी लागल्या त्या थंडगार टिकल्या. घराचा श्वास गेला, मालकाचा पाय सडला."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या थंडगार टिकल्या माझ्या होत्या.

माझं नाव यिप मान-क्वान. मी एलईडीच्या पाट्या विकते. माझे बाबा निऑनच्या नळ्या वाकवायचे. त्यांच्या काळात दुकान जितकं चिंचोळं तितकी पाटी मोठी. वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या पेढीचं निऑनचं वटवाघूळ, माजाँगच्या जुगारी अड्ड्याचे अगडबंब आकडे, सगळं थेट रस्त्याच्या मध्यावर लोंबायचं. पाटीचा एक कोपरा जरी विझला, तरी गिऱ्हाईक समजायचं की धंदा बसला. मग सांगाडे गंजले, सरकारी नोटिसा आल्या, पाट्या उतरल्या. एलईडीला वीज कमी लागते, काच फुटायची भीती नाही, रंग बटणावर बदलतो. आमच्या शहरात निऑनसाठी डोळे पुसणारे पुष्कळ आहेत. विजेचं बिल भरायची वेळ आली की त्यांतला एकही दिसत नाही.

मलाही निऑन आवडतो, बरं का. बाबांच्या कारखान्यात लहानाची मोठी झाले मी. पण आवडणं वेगळं आणि त्याच्यापुढे आजारी पाय धरणं वेगळं.

कारण प्रकरण गमतीचं नव्हतं. काकांना जुना मधुमेह. बुटाने लागलेली जखम चिघळली, अंगठा काळा पडला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "अंगठा काढावा लागेल, आणि लवकर. थांबलात तर पाऊल जाईल, मग पाय." काका कबूल झालेही होते. गुरुवार ठरला होता. तेवढ्यात कोणाच्या तरी ओळखीने हे मोक गुरुजी उगवले, नळी रोज थोडी जास्त उजळायला लागली, आणि काकांनी जाहीर केलं, "मी काही जात नाही गुरुवारी. पाय बरा होतोय. उजेडच सांगतोय."

ही तिसरी संध्याकाळ. उजेड सांगत होता आणि दुकानभर वास सुटला होता. एक वास त्या अंगठ्याचा. दुसरा मला ओळखीचा होता, तिखट, वीज कडाडल्यावर येतो तसा. तो बाबांच्या कारखान्यातला होता. आणखी एक गोष्ट मी पाहिली. गुरुजींचे हात हवेत नाचत होते, मान डोलत होती, पण डावा पाय गालिच्यावर खिळा ठोकल्यासारखा एका जागी होता.

गर्दी पांगल्यावर मी लाय काकूंना मोरीपाशी गाठलं. त्या कढया घासत होत्या.

"काकू, हा माणूस फसवतोय."

"हळू बोल. आत ते झोपलेत."

"नळी कशाने पेटते ते मला माहीत आहे. स्टुलात काहीतरी—"

"आ-क्वान," काकूंनी घासणी खाली ठेवली, "तू एलईडी विकतेस."

"मग?"

"मग काय? तू निऑनला चांगलं म्हणणार आहेस का? काढ्यावाल्याने कधी औषधाच्या गोळीची तारीफ केलीय?"

"अहो, पण अंगठा काळा आहे काकांचा."

"दिसतं मला. रोज पट्टी मीच बदलते. माझ्या सासऱ्यांचं असंच आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. शेवटी माणूसच गेला. आता कोणी न कापता बरं करतो म्हणतंय, तर मी त्याला दारातून घालवू? तू घालवशील, तुझ्या बाबांच्या बाबतीत?"

माझा राग गुरुजींवर होता, पण काकूंची भीती खरी होती, आणि नुसतं 'फसवतोय' म्हणून ती जाणार नव्हती. दाखवायला हवं होतं. तेही माझ्या हातांनी नाही, कारण माझे हात पडले एलईडीवालीचे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन साधी ट्यूब घेतली. स्वयंपाकघरात लावतात ती, जुन्या पद्धतीची, आत वायू भरलेली. दुकानदार म्हणाला, "तू? ट्यूब? तुझ्याकडे एलईडी संपले का?" मी म्हटलं, "भूत उतरवायचंय." तो हसला. ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून मी सहाच्या आधीच जाऊन काकांच्या खुर्चीमागे, स्टुलाला खेटून उभी राहिले.

गुरुजी आले. "मोबाईल बाहेर. लहरींनी श्वास गुदमरतो," त्यांनी रोजचा मंत्र म्हटला. शेजारचा फुंग आला. याचं भाजलेल्या बदकांचं दुकान. पाठदुखीसाठी तो गुरुजींच्या भजनी लागलेला, त्यामुळे रोज एक बदक त्यांना भेट. आजचं चांगलं जाडजूड होतं, कातडी तुपात तळल्यासारखी चकाकत होती.

वाडगा घुमला. नळी अंगठ्यावर आली आणि उजळली. "बघा," गुरुजी म्हणाले, "कालच्यापेक्षा किती तेज. रक्त धावायला लागलंय."

मी वर्तमानपत्र सोडलं. माझ्या हातातली ट्यूब पांढरीशुभ्र उजळली होती.

दुकानात कुजबुज झाली. फुंगने आधी नळीकडे पाहिलं, मग ट्यूबकडे. "ही कुठल्या देवळातली?"

"कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातली," मी म्हटलं. "हिच्यात कोणाचा श्वास आहे, गुरुजी? कारखान्यातल्या मशीनचा?"

माणूस मुरलेला होता. क्षणात सावरला. डावा पाय जरासा उचलला, नळी आणि ट्यूब दोन्ही विझल्या, पण तोंड चालू झालं. "शक्ती भरून वाहायला लागली की शेजारच्या भांड्यातही उतरते, मुली. तुझ्यासारख्या अश्रद्ध बाईच्या हातातही. हीच तर तिची थोरवी."

"असेल बाई," मी म्हटलं. "तेवढं जरा उठता का खुर्चीतून?"

"का?"

"काही नाही. उभं राहून करा. शक्ती काय, उभ्या माणसातूनही वाहत असेल."

"आसन मोडता येत नाही. पाप लागेल."

"कोणाला?"

"लाय साहेबांना."

आता काकूच पुढे झाल्या. काल रात्री त्यांना झोप लागली नसावी. "गुरुजी, त्यांच्या वतीने मी घेते ते पाप. तुम्ही उठा."

गुरुजी उठेनात. मागून एक म्हातारी म्हणाली, "उठा की हो, एवढं काय." दुसरं कोणी म्हणालं, "पाय आखडलाय वाटतं. नळी लावा." लोक हसले. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. सगळ्या गल्लीच्या आजाऱ्यांना उठवणाऱ्या माणसाला खुर्चीतून उठता येत नव्हतं. शेवटी फुंग पाठदुखी विसरला, खाली वाकला आणि खुर्ची गुरुजींसकट उचलून बाजूला ठेवली.

मी गालिचा उलटला. गुरुजींचा डावा पाय जिथे असायचा तिथे शिलाई मशीनला असतो तसा, पण तळहाताएवढा, पायाने दाबायचा चपटा पायटा होता. त्याची बारीक वायर गालिच्याखालून स्टुलापर्यंत गेलेली. लाल कापड ओढलं, तर स्टुलाच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि बॅटरीचा डबा.

"हे माझं नाही," गुरुजी म्हणाले.

त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. मी नळी उचलून काकांच्या हातात दिली. "काका, तुम्हीच धरा. मी हात लावत नाही. पाय खाली घ्या."

त्यांनी पाय खाली घेतला. स्टूल रिकामं झालं. मी काकूंना म्हटलं, "तुम्ही दाबा." काकूंनी सपाता काढून पायट्यावर पाय ठेवला. काकांच्या हातातली नळी रिकाम्या स्टुलावर लखलखली.

काका बघत राहिले. "पाय नाही, वाडगा नाही," ते पुटपुटले, "तरी पेटली."

फुंगला काय वाटलं कोण जाणे, त्याने भेटीचं बदक उचललं आणि थाळीसकट स्टुलावर ठेवलं. काकूंनी पुन्हा पाय दाबला. नळी अशी उजळली, की बदकाची कातडी आणखीनच खमंग दिसायला लागली.

"याचं रक्त जोरात धावतंय," फुंग गंभीरपणे म्हणाला. "सकाळीच मी याला भट्टीत लावलं होतं."

दुकान खदखदून हसलं. काका हसले नाहीत. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते.

मग मी सगळं सांगितलं. बाबा नळीत फुंकर घालायचे ती तापलेली काच वाकताना चपटी होऊ नये म्हणून. नळी झाली की पंप लावून आतली सगळी हवा काढून टाकायचे, आणि मग किंचित निऑन वायू सोडायचे. कारागिराचा श्वास आत राहिला, तर नळी धड पेटतही नाही. चांगली नळी म्हणजे जिच्यात श्वासाचा लवलेश नाही ती. नळीला चीर गेली आहे का हे तपासायला कारखान्यात हातात धरायचं एक यंत्र असायचं. फार जोराची, झपाट्याने उलटसुलट होणारी वीज त्यातून निघते आणि जवळ आणलेल्या नळीतला वायू वायरीशिवाय पेटवते. गुरुजींनी तेच तंत्र स्टुलात बसवलं होतं. रोज उजेड वाढायचा, कारण रोज नळी दोन बोटं खाली यायची. आणि तिखट वास होता तो विजेने हवा होरपळल्याचा.

हे होईपर्यंत गुरुजी दाराशी पोचले होते. पोलीस येईस्तोवर फुंगने त्यांना तिथेच धरून ठेवलं. त्यानेच रोज बदकं पुरवल्यामुळे त्याचा राग जास्त होता.

गुरुवारी सकाळी काकूंबरोबर मीही इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि शेजारचं बोट दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "अंगठ्याबरोबर शेजारचं बोटही काढावं लागेल. ते मी गेल्या आठवड्यात पाहिलं तेव्हा चांगलं होतं. गोळ्या घेत होतात ना?"

काकांनी मान खाली घातली. "गुरुजींनी बंद करायला सांगितल्या होत्या."

दोन बोटं गेली. पाऊल वाचलं. काका आता काठी घेऊन दुकानात येतात, आणि काढा पूर्वीइतकाच कडू आहे. अंगठा मधुमेहाने नेला, त्याला इलाज नव्हता. दुसऱ्या बोटाला होता. ते बोट गेलं त्या संध्याकाळांमध्ये, जेव्हा आम्ही शेजारीपाजारी गोळा होऊन उजेड बघत होतो आणि पायाकडे कोणी बघत नव्हतं. मोक पकडला गेला म्हणून मला आनंद झाला, पण त्या बोटाची आठवण झाली की तो टिकत नाही.

म्हणून एवढंच सांगते. कोणी चमत्कार दाखवला, तर त्याच्याशी वाद घालू नका आणि लगेच हातही जोडू नका. ज्याच्यामुळे तो घडतो असं सांगतात, ते बाजूला काढा आणि पुन्हा करून दाखवायला सांगा. पाय काढल्यावरही दिवा लागत असेल, तर त्या दिव्याला पायाची काही खबर नाही. दाखवायला नकार मिळाला, तर तिथेच उत्तर मिळालं. आणि हे जे काही विचारायचं, ते पहिल्या संध्याकाळी विचारा. आम्ही चौथ्या संध्याकाळी विचारलं.