मिरीवरचा आळ

मिरीला घरात घेण्यात बाळकृष्णाचा तिहेरी फायदा होता, आणि विठ्ठलराव मास्तरांचं बोलणं संपायच्या आत त्यानं तो मनात मांडूनही ठेवला होता. गोदामातले उंदीर कमी होणार होते. बदली होऊन गदगला निघालेल्या मास्तरांची मांजरी सांभाळली म्हणून गल्लीत नाव होणार होतं. शिवाय दुकानातला जुना बोका भाऊसाहेब, जो गादीवर लोळून लोळून लोडासारखाच झाला होता, तो नव्या मांजरीकडे बघून लाजेकाजेनं तरी एखादा उंदीर धरणार होता. तोट्याच्या बाजूला काय, तर रोजचं वाटीभर दूध.

गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न सालची. हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत बाळकृष्णाचं भुसार दुकान होतं, वर बिऱ्हाड. मास्तरांनी टोपली उघडली तशी करड्या ठिपक्यांची मिरी पोत्यांमागे शिरली.

दुकानात धान्य चाळायला लक्कव्वा होती. चाळण खाली न ठेवताच ती आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "सावकार, हिला आठ दिवस मागच्या खोलीत वेगळी ठेवा री. आधी एकमेकांचा वास कळू द्या, मग तोंड दाखवा."

"लक्कव्वा, आमच्या घरी भांडलेल्या भावांनासुद्धा एका ताटात जेवायला बसवतात," बाळकृष्ण म्हणाला. "घास एक झाला की वैर संपतं. मांजरं काय भावांपेक्षा शहाणी?"

"भाऊ निदान ओळखीचे असतात."

गिऱ्हाइकं हसली. आणि गिऱ्हाइकं बघताहेत म्हटल्यावर बाळकृष्णाला जोर चढला. त्यानं ताटात दूधभात कालवला, एका हातात भाऊसाहेबाची मान, दुसऱ्या हातात मिरीची, आणि दोघांची तोंडं एकाच ताटात खुपसली. पुढं काय झालं ते सांगायला नकोच. भात भिंतीवर गेला, भाऊसाहेबाच्या नाकावर ओरखडा उठला, आणि मिरी जी पोत्यांमागे गेली ती दुसऱ्या दिवशी बाहेर आली.

तिथून ती बिघडलीच. कुणी जवळ गेलं की फिस्कारायची. बाळकृष्णाची बायको कुसुमावती दूध ठेवायला गेली, तर तिचा हात ओरबाडला. दुसऱ्या आठवड्यात ज्वारीचं एक पोतं ओलं झालेलं सापडलं, आणि वास असा की गिऱ्हाईक पायरीवरूनच मागे फिरावं. चार दिवसांनी दुसरं पोतं.

"सहा वर्षांत या दुकानात असं कधी घडलं नाही," बाळकृष्ण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता नवीन कोण आलंय, ते तुम्हीच बघा."

"तुम्ही मिरीला तिथं पाहिलंत का?" कुसुमावतीनं विचारलं.

"पाहायला कशाला हवं? भाऊसाहेब घरचा आहे."

झाला न्याय. रविवारी त्यानं मिरीला त्याच ज्वारीच्या रिकाम्या पोत्यात घातलं, सायकलला बांधलं आणि उणकलच्या तळ्यापलीकडे सोडून आला. अर्ध्या वाटेत ती ओरडायची थांबली होती. हे त्याला तेव्हा बरं वाटलं. मागाहून मात्र ते पुष्कळ वेळा आठवलं.

गुरुवारी सकाळी तो दुकान झाडत होता. भाऊसाहेब गादीवरून उतरला, सावकाश चालत नव्या पोत्यापाशी गेला, पाठ फिरवून शेपटी ताठ केली, आणि मालकाच्या डोळ्यांत डोळे घालून आपला कार्यभाग उरकला. मग परत येऊन गादीवर बसला.

भाऊसाहेब! सहा वर्षांचा, घरचा, गादीवरचा!

बाळकृष्णानं आधी काय केलं असेल? घाईघाईनं फडकं घेतलं आणि पोतं पुसायला लागला. मान वर केली तर दारात लक्कव्वा.

"तिचा वास अजून इथं आहे ना," ती म्हणाली. "त्या ताटापाशी तुम्ही त्याला भीती घातलीत. आता तो बापडा आपली जागा राखतोय."

"लक्कव्वा, हे कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत री. मापट्याचं तरी कुठं सांगितलं?"

"कसलं मापटं?"

लक्कव्वा चाळणीपाशी बसली. "मी नवीन आले तेव्हाचं. तीन वर्षं झाली. धान्य मोजायचं पितळी मापटं हरवलं, आणि तुम्ही गिऱ्हाइकांपुढं मला पदर झटकायला लावलात. संध्याकाळी ते पोत्यांमागं सापडलं. तुम्ही म्हणालात, 'बरं झालं, सापडलं.' ते मापट्याला म्हणालात. मला काहीच नाही म्हणालात."

बाळकृष्णाचे कान तापले. आठवत नाही असं म्हणायची सोय नव्हती, कारण त्याला सगळं आठवत होतं. पदरातून पडलेली सुपारीसुद्धा.

"मग तू बोलली का नाहीस?"

"नवीन माणसाच्या बाजूनं बोलणारं अजून कुणी नसतं, सावकार. म्हणून तर आळ त्याच्यावर घेणं सोपं. घेताना तुमचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. चूक कळली की फडकं शोधता."

हातातलं फडकं कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

दुकान तसंच कुसुमावतीवर सोपवून दोघं उणकलला गेली. तळ्याच्या बांधाजवळ एका गोठ्यात, वैरणीमागे मिरी सापडली. कुत्र्यांनी मागचा पाय फोडला होता. बाळकृष्णाला बघून ती आणखी आत सरकली. लक्कव्वा अर्धा तास नुसती बसून राहिली, तेव्हा कुठं तिच्या पदरात आली.

शनिवारी बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. बाळकृष्ण गादीवरून उठून उभा राहिला.

"ज्वारी मिरीनं नाही, भाऊसाहेबानं नासवली. मी न बघता बोललो," तो म्हणाला. "आणि तीन वर्षांपूर्वी इथंच मी लक्कव्वाला पदर झटकायला लावला. मापटं पोत्यांमागं होतं. ती चूकही माझीच."

"सावकारांना ताप आलाय काय?" कुणीतरी म्हणालं. हशा झाला. लक्कव्वानं वर बघितलं नाही. तिची चाळण मात्र क्षणभर थांबली.

मिरीला मागची खोली मिळाली, वेगळं ताट मिळालं. तो पाय मात्र कायमचा अधू झाला. दोन महिन्यांनी ती आणि भाऊसाहेब एकाच दुकानात झोपू लागली, मध्ये एक पोतं सोडून. बाळकृष्णाजवळ ती कधी आली नाही. त्यानंही परत कधी तिची मान धरली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या घरात नवी सून येते, कुणाच्या कचेरीत नवा कारकून, कुणाच्या आळीत नवं बिऱ्हाड. काही हरवलं की आपली नजर आधी तिकडंच जाते. बोट दाखवण्याआधी डोळ्यांनी बघावं. आणि बोट चुकलं, तर ज्या आवाजात दाखवलं त्याच आवाजात मागे घ्यावं.

आता शेवटचा हिशेब. भाऊसाहेबाला नाकावरचा एक ओरखडा. बाळकृष्णाला शनिवारची मिनिटभर शरम. लक्कव्वाची तीन वर्षं गेली. आणि जिनं काहीच केलं नव्हतं, त्या मिरीचा एक पाय.